डोक्यासकट, काट्यासकट

(दृश्य: तापलेलं तेल. बोटभर लांबीचे मासे एकेक करून आत सोडले जातात.)

हा चर्र आवाज येतोय तो माशातल्या पाण्याचा. वाफ होऊन ते बाहेर पडतं आणि त्याच्या जागी तेल शिरतं. मासा जितका लहान, तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणून तेलही जास्त. एका ग्रॅम तेलामागे ९ किलोकॅलरी.

(दृश्य: कुरकुरीत मासा अख्खाच चावला जातो.)

पण मोठ्या माशाचा काटा आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो, तो इथे पोटात जातो. तळल्यामुळे तो दातांखाली सहज चुरतो. कॅल्शियम असतं ते या काट्यातच. डबाबंद तारली, म्हणजे सार्डिन, काट्यासकट खाल्ली तर १०० ग्रॅममागे सुमारे ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. तेवढ्याच गाईच्या दुधात ते साधारण १२० असतं. हाडातलं कॅल्शियम अंगी लागतं का? माणसांवरच्या चाचणीत ते जवळपास दुधातल्याइतकंच शोषलं गेलेलं आढळलं.

(दृश्य: माशाचा डोळा, अगदी जवळून.)

आणि डोकं? पोषणशास्त्रज्ञ शकुंतला थिल्स्टेड यांनी बांगलादेशात मोला या इवल्याशा माशाचा अभ्यास केला. त्यात अ जीवनसत्त्व भरपूर निघालं, आणि त्यातलं बहुतेक डोळ्यांत आणि पोटाच्या आतल्या भागात. या कामाला २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मला यातली एक गोष्ट फार लागते: मुलाला टोचू नये म्हणून मायेने डोकं कापून टाकावं, तर त्याच्या नजरेला हवं असलेलंच नेमकं फेकलं जातं.

बी-१२, आयोडीन, लोह, जस्त हेही आहेच. शिवाय हे मासे अन्नसाखळीत खालच्या पायरीवर असतात आणि थोडंच जगतात, त्यामुळे त्यांच्या अंगात पारा फारसा साठत नाही.

(दृश्य: कढईत उरलेलं काळपट तेल.)

तळणीत नुकसान होतं ते नाजूक घटकांचं. ओमेगा-३ मेदाम्लं थोडी तेलात उतरतात, थोडी उष्णतेने बिघडतात. अ जीवनसत्त्वही काही प्रमाणात कमी होतं. काट्यातलं कॅल्शियम मात्र जागचं हलत नाही. म्हणून तव्यावर, थोड्या तेलात, कुरकुरीत होण्यापुरतंच परतावं. आणि हे असं काळं पडलेलं तेल पुन्हा चुलीवर चढवू नये.