ग्वानाह्वातो : खाली गाड्या, वर गल्ल्या

[दृश्य : बोगदा. बसचे दिवे, ओलसर दगडी कमानी, जिन्याकडे जाणारी माणसं.]

ही सिटी बस आहे आणि हा तिचा रोजचा थांबा. जमिनीखाली. इथे उतरायचं, दगडी जिना चढायचा, की वर एकदम ऊन, चर्चच्या घंटा आणि भाजलेल्या मक्याचा वास. मध्य मेक्सिकोतलं ग्वानाह्वातो. उंची साधारण 2,000 मीटर, आणि गाव बसलंय एका अरुंद घळीत. कॅलेंडरवर दिसतात ती उतारावर एकावर एक चढलेली पिवळी, गुलाबी, निळी घरं याच गावची. ती दाखवणारच आहोत. आधी मात्र परत खाली चला.

[दृश्य : बोगद्याच्या भिंती. वर घरांचे पाये, जुन्या पुलाची कमान.]

आपण ज्या रस्त्यावर उभे आहोत, ती गावची नदी होती.

सोळाव्या शतकात या डोंगरांत चांदी सापडली. खनिज दळायला, धुवायला पाणी लागतं, म्हणून गिरण्या नदीकाठी आल्या आणि गिरण्यांमागोमाग वस्ती. खाणींचा चुरा पात्रात साचत गेला, पात्र उथळ झालं आणि पावसाळ्यात पाणी घरांत शिरू लागलं. त्यावर अठराव्या शतकातल्या लोकांनी काय केलं? भर घालून रस्ताच उंच केला. आजच्या सान दिएगो चर्चजवळ पायऱ्या उतरून गेलं, की जुन्या मठाच्या कमानी रस्त्याच्या पातळीखाली उभ्या दिसतात.

तरीही पूर येतच राहिले. 1905 चा पूर एवढा मोठा होता, की पाणी डोंगराखालून बोगद्याने वळवण्यावाचून इलाज उरला नाही. नदी गेली, मागे राहिलं कोरडं पात्र. 1960 च्या दशकात त्याच पात्रात हा रस्ता झाला, ‘काये सुबतेर्रानेआ’, म्हणजे जमिनीखालचा रस्ता. पुढे आणखी बोगदे खोदले गेले. खाणकाम रक्तात असलेल्या गावाला डोंगर फोडणं काही नवं नव्हतं.

या कमानींवर आम्ही जरा जास्तच वेळ घालवतोय, हे मान्य. पण बघा ना. मोटारी वाढल्या तेव्हा या गावासमोरही तोच प्रश्न होता, जो प्रत्येक जुन्या गावासमोर येतो : रस्ता रुंद करायचा, तर कोणाचं घर पाडायचं? इथे रहदारीचा मोठा भार जमिनीखाली गेला आणि गल्ल्या वाचल्या. 1988 साली युनेस्कोने खाणींसकट हे गाव जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. वर गाड्या अजिबात नाहीत असं नाही, बासिलिकेसमोर, म्हणजे गावच्या मोठ्या चर्चसमोर, टॅक्सी उभ्या असतातच. पण गल्लीत शिरलं की मागून हॉर्न येत नाही.

[दृश्य : गल्ल्या. पायऱ्या, कुंड्या, झोपलेलं कुत्रं, जांभळी भिंत.]

गल्लीला इथे म्हणतात कायेहोन. नकाशा खिशात ठेवा, तो इथे फारसा कामाचा नाही. डावीकडची पायवाट तीन वळणं घेऊन कोणाच्या तरी अंगणात संपते, आणि अंगणातल्या आजी ‘बुएनास तारदेस’ म्हणत हातानेच दुसरी वाट दाखवतात. परक्या माणसाला इथे कोणी हटकत नाही. कुठले, एवढं विचारतात. ‘ला इंदिया’ म्हटलं की पुढचा प्रश्न बहुतेक जेवणाचाच असतो.

हा रंग जवळून बघा. भडक निळ्याखाली जुना गेरू, त्याखाली चुना, आणि पोपडा निघाला तिथे हिरवट दगड. हा इथला कांतेरा. चौथरे, कमानी, चर्चचे दर्शनी भाग याच जातीच्या दगडाचे.

‘कायेहोन देल बेसो’, म्हणजे चुंबनाची गल्ली, सगळ्यात अरुंद जागी 68 सेंटिमीटर. समोरासमोरचे दोन सज्जे, दोन प्रेमी, मुलीचा संतापी बाप. गोष्ट ठाऊक नसली तरी अंदाज येतो. फोटोची रांग मात्र मोठी आहे. आपण पुढे जाऊ.

[दृश्य : मर्कादो इदाल्गो. लोखंडी छत, मिरच्यांचे ढीग. निवडुंग सोलणारे हात.]

1910 साली, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्याच्या शताब्दीला, हा लोखंडी बाजार सुरू झाला. या बाई नोपाल, म्हणजे निवडुंगाची पानं, सोलताहेत. पान डाव्या तळहातावर आडवं, सुरी जवळजवळ सपाट. एकेक काटा खुडत बसायचं नाही. कडेची पट्टी एका झटक्यात उडते, मग दोन्ही अंगांवरून सुरी फिरते आणि काट्यांचे झुबके भुरभुर खाली पडतात. बाई सुरीकडे बघतसुद्धा नाहीत, शेजारणीशी गप्पा चालूच.

शेजारच्या ठेल्यावर ‘एन्चिलादास मिनेरास’, खाणकामगारांच्या नावाचा पदार्थ. लाल मिरचीच्या रश्शात बुडवलेली मक्याची पोळी, आत चीज-कांदा, वर परतलेले बटाटे आणि गाजर. आपण खात असताना अनोळखी माणूस जाता जाता ‘प्रोवेचो’ म्हणतो. सावकाश होऊ द्या, तसंच काहीसं.

[दृश्य : आलोंदिगा. कोपऱ्यावरचा लोखंडी हूक, जवळून.]

हे धान्याचं कोठार, आलोंदिगा दे ग्रानादितास. 28 सप्टेंबर 1810 रोजी, स्वातंत्र्यलढ्याच्या सुरुवातीला, बाहेर बंडखोर होते आणि स्पॅनिश लोक आत कोंडून बसले होते. पाठीवर दगडी फरशी बांधून, गोळ्या चुकवत एक खाणकामगार दारापर्यंत गेला आणि त्याने दार पेटवलं, अशी आख्यायिका आहे. तो पीपिला. तो खरंच होऊन गेला का, यावर इतिहासकारांचा वाद आहे, गावाचा नाही. पुढच्या वर्षी, लढा सुरू करणारा पाद्री इदाल्गो याच्यासह चार बंडखोर नेत्यांची मुंडकी याच इमारतीच्या चार कोपऱ्यांवर पिंजऱ्यात टांगली गेली आणि 1821 पर्यंत तिथेच राहिली.

[दृश्य : ला वालेन्सियाना. सान काएतानो चर्चची सोनेरी वेदी.]

गावाबाहेर डोंगरावर ला वालेन्सियाना. अठराव्या शतकात जगातल्या सर्वांत श्रीमंत चांदीच्या खाणींपैकी एक. 1788 मध्ये पूर्ण झालेलं हे चर्च त्याच पैशातलं. 1803 साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्ट इथे आला, तेव्हा शंभर किलोहून जास्त खनिज पाठीवर घेऊन हजारो पायऱ्या चढणारी माणसं त्याने पाहिली. त्यांच्यासाठी इथे सोन्याचा वर्ख नाही.

[दृश्य : पीपिलाच्या पुतळ्याजवळून, संध्याकाळ. संपूर्ण गाव.]

हेच ते कॅलेंडरवरचं दृश्य. पिवळी बासिलिका, विद्यापीठाचा पांढरा जिना, तेआत्रो ह्वारेस या नाट्यगृहाच्या छपरावरच्या देवता. खाली त्रिकोणी बाग, तिथली छाटून सपाट केलेली दाट झाडं. त्यांना इथे ‘लाउरेल दे ला इंदिया’ म्हणतात. जवळ जाऊन पान बघा, आपलं नांदरूकच आहे.

ग्वानाह्वातो राज्याचं नाव बातम्यांत येतं ते टोळ्यांच्या हिंसाचारामुळे. त्यातलं आमच्या चित्रणात काहीच नाही. आणि वाचवलेल्या गल्ल्यांमधल्या कितीतरी दारांवर आता पर्यटकांसाठी भाड्याच्या खोलीची पाटी आहे, तेवढी दिसलीच असेल.

[दृश्य : रात्र. गिटार, काळे मखमली झगे, गर्दी.]

हे एस्तुदिआंतिना, विद्यार्थ्यांच्या जुन्या वेशातले गायक. रोज रात्री शे-दीडशे माणसं मागे घेऊन गल्लीगल्लीत गात, टिंगल करत फिरतात. ऑक्टोबरात सेर्वान्तिनो हा कलामहोत्सव असतो, 1972 पासूनचा. तेव्हा तर पाय ठेवायला जागा नसते.

आज वरून एक माणूस उतरतोय, खांद्यावर पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार. गल्ली दोन माणसांची, समोर शंभर. ‘पेर्मीसो!’ तो ओरडतो. गाणं थांबत नाही, पण सगळी वरात भिंतीला चिकटते, गिटारवाला गिटार डोक्यावर धरतो आणि जारवाला कोणाकडेही न बघता मधून निघून जातो.