पहिलं सत्र लंडनला, दुसरं बॉस्टनला

[दादर. तिसऱ्या मजल्यावरचं घर, जेवणाचं टेबल, उघडा लॅपटॉप.]

हे मुलीला आलेलं अभिनंदनाचं पत्र आहे. वर कॉलेजचं नाव, खाली प्रवेशाची तारीख. पण तारीख सप्टेंबरची नाही, जानेवारीची आहे. सप्टेंबर ते डिसेंबर लंडनला राहायचं, पहिलं सत्र तिथे पूर्ण करायचं आणि मग बॉस्टनला रुजू व्हायचं. ही अट आहे. लंडन नको असेल तर हा प्रवेशही नाही.

असे प्रवेश अमेरिकेत नवे नाहीत. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाचा 'एन.यू.इन' कार्यक्रम २००७ पासून चालू आहे. न्यूयॉर्क राज्यातलं स्किडमोर कॉलेज पहिल्या वर्षाच्या काही मुलांना आपल्याच प्राध्यापकांसोबत लंडनला पाठवतं. डेलावेअर विद्यापीठाच्या वर्ल्ड स्कॉलर्स कार्यक्रमातली मुलं पदवीचं पहिलं सत्रच परदेशात करतात. काही ठिकाणी ही अट असते, काही ठिकाणी मुलांची निवड. पत्रातलं एक वाक्य नीट वाचलं की फरक कळतो.

[आलेख: हॉस्टेलच्या खोल्या, सप्टेंबर आणि जानेवारी.]

कॉलेजं असं का करतात? पहिलं कारण हॉस्टेलच्या खाटा. सप्टेंबरमध्ये सगळ्या भरलेल्या असतात. डिसेंबरमध्ये काही मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात, तिसऱ्या वर्षाची काही एका सत्रासाठी परदेशी जातात, काही कॉलेज सोडतात. जानेवारीत खाटा रिकाम्या होतात आणि त्या जागी ही मुलं येतात. दुसरं कारण आकड्यांचं. अमेरिकी कॉलेजं नव्या विद्यार्थ्यांची जी आकडेवारी जाहीर करतात, ती बहुतेक शरद सत्रात, म्हणजे सप्टेंबरच्या सुमारास, दाखल झालेल्यांची असते. जानेवारीत येणारे त्या मोजणीत सहसा धरले जात नाहीत. घरी येणारे पाहुणे विचारतात, 'म्हणजे वेटिंग लिस्ट का?' नाही. प्रवेश पक्का आहे आणि पदवीही तीच मिळते. अडचण गुणांची नाही, कॅलेंडरची आहे.

[पासपोर्ट, जवळून.]

या सगळ्या गोष्टीचा नायक हा निळा पासपोर्ट. देश दोन, पासपोर्ट एक. तो अमेरिकेच्या वकिलातीत असतो तेव्हा ब्रिटनच्या व्हिसासाठी सहसा देता येत नाही आणि ब्रिटनकडे असतो तेव्हा अमेरिकेच्या मुलाखतीला नेता येत नाही. म्हणून आधी कोणता व्हिसा काढायचा हे एप्रिलमध्येच ठरायला हवं. कॉलेजला होकार आणि अनामत देण्याची नेहमीची शेवटची तारीख १ मे असते. बारावीचा निकाल बहुधा त्यानंतर लागतो. म्हणजे मार्कशीट हातात नसताना, फक्त पत्राच्या आधारावर होकार द्यायचा असतो.

त्या आधी कॉलेजला एकच प्रश्न ई-मेलने विचारायचा, आणि उत्तर लेखी घ्यायचं: आय-ट्वेंटी कधी देणार?

आय-ट्वेंटी हा कॉलेजने द्यायचा फॉर्म. तो नसेल तर अमेरिकेचा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा मागता येत नाही. तो मे-जूनमध्ये हाती आला तर सगळं मुंबईतून, निघण्याआधी, उरकता येतं. आय-ट्वेंटीवर सुरुवातीची तारीख जानेवारीची असली तरी व्हिसा ३६५ दिवस आधीपर्यंत मिळू शकतो. जून-जुलैतली मुलाखत पूर्ण नियमात बसते. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी घरं 'डिसेंबरमध्ये बघू' म्हणून थांबतात.

कॉलेजने आय-ट्वेंटी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिली तर पेच पडतो. मुलगी तेव्हा लंडनमध्ये. आणि सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची सूचना अशी की अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा कायम राहण्याच्या देशातच मुलाखत द्यावी. चार महिन्यांसाठी लंडनला गेलेल्या मुंबईकराचं राहण्याचं ठिकाण मुंबईच. म्हणजे डिसेंबरच्या मध्याला सत्र संपवून परत यायचं, नाताळ आणि नव्या वर्षाच्या सुट्ट्यांमधून मुलाखतीचा स्लॉट शोधायचा आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बॉस्टन गाठायचं. मध्ये जेमतेम तीन आठवडे.

[वांद्रे-कुर्ला संकुल. पहाटेचा पाऊस, छत्र्या, रांग.]

जुलैतली सकाळ. वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकेच्या वकिलातीसमोरची ही रांग साडेसातच्या आधीच उभी राहते. वांद्रे पूर्वेकडून शेअर रिक्षाने लोक येतात, ऑक्टोबर २०२४ पासून भूमिगत मेट्रोही इथवर येते. हातातली प्लास्टिकची फाईल बघा. पावसात भिजलेली आय-ट्वेंटी पुन्हा छापता येते, भिजलेली मूळ मार्कशीट नाही. म्हणून फाईल आधी, छत्री नंतर. मोबाईल, लॅपटॉप, मोठी बॅग आत नेता येत नाही. सामान ठेवून घेणारे बाहेर मिळतात, पण सोबत घरचं कुणी असेल तर तेच बरं.

इथवर पोहोचण्याआधी चार गोष्टी झालेल्या असतात. सेव्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकी सरकारी नोंदणी, तिची फी ३५० डॉलर भरलेली, तिची पावती छापलेली. डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज भरलेला, त्याच्या पुष्टीपत्राचा क्रमांक आणि अपॉइंटमेंट घेताना दिलेला क्रमांक एकच. अर्जात चूक सापडली म्हणून नवा डीएस-१६० भरला आणि अपॉइंटमेंटमध्ये जुनाच क्रमांक राहिला, तर खिडकीवरूनच परत पाठवतात. तिसरी गोष्ट व्हिसाची फी, १८५ डॉलर. चौथी बोटांचे ठसे आणि फोटो, त्यासाठी मुलाखतीआधी वेगळी वेळ घेऊन वेगळ्या केंद्रात जावं लागतं. शिवाय जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं जातं. खात्याचं जुनं नाव विसरलं आणि अर्जात लिहायचं राहिलं, असं होतं. पाच वर्षांतली सगळी खाती आठवून आधीच कागदावर मांडलेली बरी.

खिडकीमागचा अधिकारी कॉलेजचं नाव विचारतो, खर्च कोण करणार विचारतो आणि आय-ट्वेंटीवरची तारीख बघून विचारतो, जानेवारी का? इथे लांबलचक उत्तर नको. कॉलेजच्या कार्यक्रमात पहिलं सत्र लंडनला आहे, दुसऱ्यापासून बॉस्टनला, हे कार्यक्रमाचं पत्र. संपलं. पत्र वरच्या कप्प्यात हवं. मुलं घाबरून 'मला सप्टेंबरची जागा मिळाली नाही' असं सांगायला लागतात. ते खरंही नसतं आणि त्यातून नवा प्रश्न उभा राहतो.

आधी अमेरिका, मग ब्रिटन, या क्रमाचं आणखी एक कारण आहे आणि तेच सगळ्यात मोठं आहे. एफ-१ नाकारला जायचा असेल तर तो जुलैत कळलेला बरा. डिसेंबरमध्ये कळला तर लंडनच्या सत्राचे पैसे गेलेले असतात, मुलगी अर्धवट अडकलेली असते. एक सावधगिरी: जुलैत नकार आला तर पुढे ब्रिटनच्या अर्जात तो सांगावाच लागतो. लपवू नये.

[टेबलावर कागद. पासपोर्टचं शेवटचं पान.]

ब्रिटनसाठी सहा महिन्यांपर्यंतचं शिक्षण मान्यताप्राप्त संस्थेत असेल तर साध्या व्हिजिटर व्हिसावर करता येतं. त्यावर नोकरी करता येत नाही, अगदी आठवड्याचे चार तासही नाही, आणि सत्र वाढलं म्हणून तिथे बसून विद्यार्थी व्हिसावर जाता येत नाही. अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांच्या आत करायचा, निर्णयाला साधारण तीन आठवडे. एक सप्टेंबरला विमान असेल तर उलटं मोजा: जुलैच्या शेवटी ब्रिटनचा अर्ज गेलाच पाहिजे, म्हणजे अमेरिकेची मुलाखत जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात.

कार्यक्रम लंडनऐवजी रोम, माद्रिद किंवा अथेन्सला असेल तर हिशेब बदलतो. युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक, नेहमीच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं आणि सत्र त्याहून मोठं असतं. मग त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. कागद वाढतात. स्पेनला मुक्काम सहा महिन्यांहून जास्त असेल तर पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्र, त्यावर अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का), भाषांतर. इटलीत उतरल्यावर आठ कामकाजाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज. डब्लिनला नव्वद दिवसांहून जास्त राहणाऱ्यांना तिथल्या नोंदणीसाठी ३०० युरो भरावे लागतात. हे सगळं मुलीच्या पहिल्या आठवड्यात, वर्ग सुरू असताना.

आता हे शेवटचं पान. पासपोर्ट लहानपणी काढला असेल तर तो पाच वर्षं किंवा अठरावा वाढदिवस, यांतलं जे आधी येईल तिथवरच चालतो. ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्या मुलीचा पासपोर्ट परदेशातल्या पहिल्याच सत्रात संपतो. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. तो मार्चमध्येच काढून घ्यायचा, कारण पासपोर्ट क्रमांक बदलला की आय-ट्वेंटी सोडून बाकी जवळपास सगळे अर्ज बदलतात. अठरा पूर्ण नसतील तर आईवडिलांचं संमतिपत्रही लागतं, त्यात मुलगी कुठे राहणार आणि तिथे जबाबदार कोण हे लिहिलेलं हवं.

आणि नाव. आपल्याकडच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आईचं वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात बहुधा वडिलांचंही नाव. कॉलेजचा अर्ज मुलीने भरताना वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लिहिलं किंवा गाळलं, तर आय-ट्वेंटी, डीएस-१६० आणि तिकीट यांवर तीन वेगळी नावं दिसतात. नियम सोपा आहे: पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर, सगळीकडे.

[ज्युनिअर कॉलेजची खिडकी. शिक्के.]

अकरावीची गुणपत्रिका इथेच मिळते आणि सीलबंद लिफाफ्यातला ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे गुणांचा अधिकृत उतारा, तोही इथेच. जूनमध्ये या खिडकीवर गर्दी असते, पाच लिफाफे एकदमच मागून ठेवावेत. ज्यांनी इथल्या इंजिनिअरिंगची जागाही धरून ठेवली आहे त्यांनी मूळ दाखला तिथे जमा करण्याआधी जुलैची मुलाखत लक्षात ठेवावी.

[बँकेचं काउंटर.]

पैशांबद्दल थोडक्यात, पण महत्त्वाचं. सप्टेंबर सत्राची फी ऑगस्टमध्ये जाते, दुसऱ्या सत्राची डिसेंबरमध्ये. भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, म्हणून दोन्ही रकमा एकाच वर्षात मोजल्या जातात. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांच्या पुढे परदेशी पाठवलेल्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, मर्यादा प्रत्येक पॅनकार्डामागे. शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही. कापलेला पैसा विवरणपत्रात परत मागता येतो, पण हातातून तो ऑगस्टमध्येच गेलेला असतो. आणखी एक: लंडनच्या सत्राचं बिल अमेरिकी कॉलेज डॉलरमध्ये देणार की तिथली संस्था पाउंडात, हे बँकेला कर्जाच्या मंजुरीपत्राआधी सांगावं. मंजुरीत एकाच संस्थेचं नाव असलं की दुसऱ्या बिलावर बँक अडते.

विषयांचा प्रश्नही आहे, आणि इंजिनिअरिंगच्या मुलांनी तो सोडू नये. पहिल्या सत्रात कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र, प्रोग्रॅमिंग यांची साखळी सुरू होते. लंडनला प्रयोगशाळेचा विषय नसेल तर पुढे उन्हाळ्यात करावा लागतो, त्याची फी वेगळी. होकार देण्याआधी त्या शाखेचा चार वर्षांचा तक्ता मागवून पहिल्या सत्राचे विषय एकेक करून ताडून बघावेत.

[उघडी बॅग, वजनकाटा, आजी बॅगेत स्वेटर ठेवते आहे.]

बॅगा दोन प्रवासांच्या असतात. लंडनसाठी थंडीचा एक थर आणि पावसाळी जॅकेट पुरतं. बॉस्टनच्या जानेवारीचे जाड कपडे आता न्यायचे नाहीत, काटा तेवीस किलोला थांबतो. 'सामान आधीच बॉस्टनला सोडून येऊ' हा घरचा विचार एफ-१ वर शक्य नाही, कारण त्या व्हिसावर सत्र सुरू होण्याच्या तीस दिवसांआधी अमेरिकेत प्रवेश मिळत नाही.

लसींचा कागद मात्र आताच भरून घ्यायचा. मॅसॅच्युसेट्स राज्यात कॉलेजला गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दोन मात्रा, कांजिण्यांच्या दोन, हेपटायटिस बीच्या तीन, टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंजायटिसची लस लागते. आपल्या मुलांच्या जुन्या कार्डावर बहुधा मेनिंजायटिस नसतो आणि कांजिण्यांची दुसरी मात्रा राहिलेली असते. दोन मात्रांमध्ये अंतर ठेवावं लागतं, म्हणून जूनमध्ये डॉक्टर गाठायचा. लंडनमध्ये व्हिजिटर व्हिसावर एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेची, नेहमीची मोफत सेवा नसते, विमा त्या चार महिन्यांचा वेगळा हवा.

ज्यांचा एफ-१ जानेवारीपर्यंत आला नाही त्यांची तारीख कॉलेज पुढच्या सत्रावर ढकलतं, आणि मुलं इथे थांबतात.

[सहार विमानतळ, टर्मिनल दोन. डिसेंबरअखेरची रात्र.]

लंडनहून परतून दोन आठवडे घरी राहिलेली मुलगी पुन्हा निघाली आहे. चेक-इनच्या बॅगेत जाड कोट आहे, पाठीवरच्या बॅगेत पासपोर्ट, सही केलेली आय-ट्वेंटी, सेव्हिसची पावती, लंडनच्या सत्राचे गुण आणि लसींचं कार्ड. बॉस्टनला उतरल्यावर आय-ट्वेंटी विचारली जाईल, त्या वेळी मोठी बॅग अजून पट्ट्यावर यायची असते.