शेपटी कापण्याचा निर्णय कोण घेते आणि कधी?

नमस्कार. कारवानी कुत्र्यांच्या आहारावर मी केलेल्या मागच्या व्हिडिओखाली सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न आहाराचा नव्हताच. "डॉक्टर, आमच्या डॉबरमनच्या पिल्लाची शेपटी कापायला किती खर्च येईल?" असा तो होता. सोलापुरातल्या माझ्या दवाखान्यातही हाच प्रश्न वारंवार कानी पडतो, म्हणून आज त्यावरच बोलते.

प्राथमिक माहिती थोडक्यात सांगते. पिल्लू ३ ते ५ दिवसांचे असताना कात्रीने शेपटी छाटतात किंवा रबराचे घट्ट वळे चढवून रक्तपुरवठा तोडतात आणि बहुधा भूल देत नाहीत. शेपटीत मणके, स्नायू आणि नसा असतात. इतक्या कोवळ्या वयात वेदना कळत नाहीत, असे सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की १९९६ साली ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५० डॉबरमन पिल्लांची शेपटी छाटताना निरीक्षण केले गेले, तेव्हा त्यांतले प्रत्येक पिल्लू जोरात ओरडले होते.

आता मुख्य मुद्दा. "पण कामाच्या कुत्र्याची शेपटी कापावीच लागते," असे बरेच जण लिहितात. हा युक्तिवाद खोटा नाही. स्कॉटलंडमध्ये दाट काटेरी झुडपांत शिरणाऱ्या शिकारी स्पॅनियल कुत्र्यांची पाहणी झाली, तेव्हा शेपटी न कापलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक कुत्र्यांना एकाच हंगामात शेपटीला इजा झाल्याचे आढळले. मोठ्या कुत्र्याच्या शेपटीची जखम लवकर भरत नाही, कारण शेपूट हलते, भिंतीवर आपटते आणि खपली पुन्हा निघते. त्यानंतर २०१७ साली स्कॉटलंडने शेपटी कापण्यावरच्या बंदीतून कामाच्या काही जातींपुरती, तीही एक तृतीयांश शेपटीपर्यंत, सवलत दिली. परंतु सर्वच कुत्र्यांचा हिशेब वेगळा आहे. ब्रिटनमधील ५२ दवाखान्यांतल्या १,३८,२१२ कुत्र्यांच्या नोंदी २०१० साली तपासल्या गेल्या, त्यांत शेपटीच्या दुखापती २८१ निघाल्या आणि एक दुखापत टाळण्यासाठी सुमारे ५०० कुत्र्यांच्या शेपट्या कापाव्या लागतील, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला.

हे आकडे मान्य केले तरी एक अडचण उरते. चौथ्या दिवशी डोळेही न उघडलेले कोणते पिल्लू पुढे झुडपांत शिरणार आहे, हे कोणाला ठाऊक असते? कोणालाच नाही. म्हणून एका वेतातल्या सगळ्याच पिल्लांच्या शेपट्या कापल्या जातात, आणि त्यांतली बहुतेक पिल्ले विजापूर रोडवरच्या एखाद्या फ्लॅटच्या बाल्कनीत मोठी होतात.

हीच गोष्ट खरेदीदाराच्या बाजूने पाहा. २०१७ च्या आपल्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. म्हणजे तुम्ही पिल्लू पाहायला जाता, तेव्हा शेपटी जाऊन सात आठवडे लोटलेले असतात. "आम्ही नाही कापली, ते तसेच आले," असे मला सांगणारे सारे पालक खरे बोलतात, पण तुम्हाला कापलेलीच शेपटी हवी असणार, असे गृहीत धरून ब्रीडरने तो निर्णय तुमच्या वतीने घेतलेला असतो.

तिसरी बाजू पिल्लाची. मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ दुरडीत सहा पिल्ले घेऊन आले. खर्च वाचावा म्हणून घरीच शेपट्यांना दोरा बांधला होता. पाचांच्या शेपट्या वाळून गळल्या होत्या. सहाव्याची काळी पडून सडली होती, पू पाठीकडे चढला होता, आणि पिल्लू आईच्या सडाला तोंड लावण्याइतकेही उठत नव्हते. ते वाचले नाही. वाचवलेल्या पैशांचा हिशेब त्या गृहस्थांनी पुन्हा काढला नाही, आणि मीही विचारला नाही.

कायद्याचेही विचारता, म्हणून सांगते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याला विद्रूप करणे हा गुन्हा आहे. शिंगे काढणे, खच्चीकरण, डाग देणे आणि वेसण घालणे यांना विहित पद्धतीने केल्यास सूट आहे, पण त्या यादीत कुत्र्याची शेपटी नाही. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र १० ते ५० रुपये एवढाच आहे, आणि हे मला अतिशय खटकते.

"शेपटी कापली की कुत्रे तिखट होते," अशीही एक प्रतिक्रिया आली होती. कुत्रे तिखट होत नाही, त्याची भाषा तुटते. २००७ साली इटलीत झालेल्या अभ्यासात मालक दिसताच कुत्र्यांची शेपटी उजवीकडे अधिक झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे, असे आढळले. आखूड बुंध्यातून समोरच्या कुत्र्याला काय वाचता येणार? राहिला प्रश्न खऱ्या कामाचा. सांगोल्याकडे एका मेंढपाळाच्या वाड्यावर लसीकरणाला गेले असताना मी त्याच्या लांबलचक शेपटीच्या कुत्र्याबद्दल मुद्दाम विचारले. तो म्हणाला, "डॉक्टरीणबाई, लांडग्यामागं पळताना शेपटाबिगर कुत्रं वळंल कसं?" रात्रभर कळप राखणाऱ्या माणसाचे हे उत्तर आहे.

म्हणून पिल्लू घ्यायचे ठरले असेल, तर मादी विण्यापूर्वीच ब्रीडरला फोन करा आणि शेपटी राखलेलेच पिल्लू घेईन, असे स्पष्ट सांगा. पाचव्या दिवसानंतर केलेल्या फोनचा उपयोग नाही. होटगी रोडवर माझ्या ओळखीच्या एका घरी पुढच्या महिन्यात डॉबरमन विणार आहे. दोन कुटुंबांनी असे आधीच कळवले, तेव्हा मालकाने कात्री लावणाऱ्या माणसाला येऊ नको म्हणून सांगितले. पिल्ले चालायला लागली की त्यांचे चित्रीकरण तुम्हाला दाखवेन.