प्रिन्सेस लुईझ : कप्पे परत आले

(रस्त्यावरून आत येणारा कॅमेरा)

लंडनच्या हाय होबर्न रस्त्यावरचा हा पब १८७२ सालचा. व्हिक्टोरिया राणीच्या चौथ्या मुलीचं नाव त्याला दिलं आहे. आतली सजावट मात्र १८९१ ची. भिंतींवरच्या टाइल्स डब्ल्यू. बी. सिम्पसन अँड सन्स यांच्या, काचकाम आर. मॉरिस अँड सन यांचं.

(काच, अगदी जवळून)

काचेवरची ही धूसर नक्षी रंगवलेली नाही, ती अ‍ॅसिडनं कोरलेली आहे. अशा कामात आधी काच तेलकटपणाचा अंशही न ठेवता पुसतात. जो भाग आरपार दिसायला हवा, त्यावर डांबरासारखं काळं रोगण लावतात. कडेनं मेणाचा बांध घालून हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडचं मिश्रण ओततात. उघडी काच खरवडल्यासारखी पांढुरकी होते. मग काही भाग पुन्हा झाकून पातळ अ‍ॅसिड दिलं की तिथला पांढरेपणा मऊ होतो. एकाच काचेत तीन-चार छटा येतात त्या अशा. पुसताना बोटाचा ठसा जरी राहिला, तरी रोगण तिथे सुटतं, अ‍ॅसिड खाली शिरतं आणि पानाफुलांची कड कुरतडल्यासारखी दिसते. ती दुरुस्त होत नाही. नवी काच घ्यावी लागते.

(आरसे)

जुन्या आरशांवर काळे ठिपके दिसतात, कारण ओल मागच्या चांदीपर्यंत पोचते. चांदी नव्यानं चढवायची तर मागचं सोनेरी कामही खरवडावं लागतं. म्हणून ठिपके राहू द्यावेत, हेच शहाणपण.

(मधला काउंटर, भोवतीचे कप्पे)

आणि हा या पबचा प्राण. मधोमध बेटासारखा काउंटर, भोवती लाकडी पार्टिशनांचे कप्पे. वेगवेगळ्या थरांतली माणसं एकमेकांच्या नजरेआड बसत. मधे उभा असलेला वाढपी मात्र प्रत्येक कप्प्याला ग्लास देऊ शके. विसाव्या शतकात ही पार्टिशनं काढली गेली. टाइल्स राहिल्या, आरसे राहिले, पण पब एक मोठी खोली होऊन बसला. २००७ मध्ये सॅम्युएल स्मिथ या ब्रुअरीनं मोठी डागडुजी काढली आणि पार्टिशनं जुन्या धर्तीवर पुन्हा उभी केली. मोठा घोळका आता एकत्र मावत नाही, एवढंच.

(तळघराचा जिना)

खाली पुरुषांची मुतारी. संगमरवरी, जे. टायलर अँड सन्सची. वारसा यादीतल्या ‘श्रेणी दोन, तारांकित’ दर्जाचं संरक्षण हिलाही आहे.