हुमणी, काणी आणि दोन बुरश्या

वळवाचा पहिला पाऊस झाला की तिन्हीसांजेला कडुनिंबावर, बाभळीवर तपकिरी भुंगेरे जमतात. सांगली-कोल्हापूरकडच्या ऊसकऱ्याला पुढचं सगळं तिथंच कळतं. मादी जमिनीत अंडी घालणार, त्यातून हुमणी ही अळी निघणार आणि पावसाळाभर उसाची मुळं कुरतडणार. पानं पिवळी पडतात. नंतर नुसतं ओढलं तरी अख्खं बेट (उसाचा झुपका) हातात येतं.

आता ही हुमणी बघा, मुळाशी उकरून काढलेली. एरवी लुसलुशीत असते, ही कडक झालीय. अंगभर हिरवी पूड. हे मेटारायझियम बुरशीचं काम. हुमणीनं ती खायचीही गरज नाही. बीजाणू कातडीला चिकटतो, तिथंच रुजतो, कातडी भेदून आत शिरतो. अळी मेली, ओल मिळाली की बुरशी बाहेर येते. आधी पांढरी, मग हिरवी. पुढं नोबेल मिळवणाऱ्या इल्या मेचनिकॉव्ह यांनी १८७९ मध्ये आजच्या युक्रेनमधल्या ओडेसाच्या भागात गव्हावरच्या भुंगेऱ्यांसाठी हीच बुरशी अभ्यासली होती.

याच फडात दुसरी बुरशीही भेटते. काणी. शेंड्यातून चाबकासारखा काळा पट्टा निघतो, वर चंदेरी पापुद्रा. पापुद्रा फाटला की काळी भुकटी वाऱ्यावर स्वार! म्हणून आधी पट्ट्यावर पिशवी चढवायची, मग अलगद कापायचा, बेट मुळासकट काढून जाळायचं. घाईनं कोयता मारणारा स्वतःच शेजारच्या सरीत काणी पेरतो. अशा फडाचं बेणं (लागणीच्या कांड्या) घेऊ नये, खोडवाही (तोडणीनंतर त्याच बुडख्यांवर फुटणारं पीक) ठेवू नये. खोडव्यात ती जास्त फोफावते. बेणेमळ्यासाठी ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेत अडीच तास बेणं ठेवतात, ते यासाठीही.

खरी गल्लत होते ती पंपात. एकाच टाकीत काणीसाठीचं बुरशीनाशक आणि हुमणीसाठीचं मेटारायझियम! बुरशीनाशकाला आपली कोण नि परकी कोण, काय कळणार? पैसे मात्र दोन्हींचे जातात.

शिवाय धीर हवा. रासायनिक औषधाची सवय झालेला माणूस चौथ्या दिवशीच ‘काही फरक नाही’ म्हणतो. मेटारायझियमला त्याहून जास्त दिवस लागतात, जमिनीत ओलही लागते. मुरलेल्या शेणखतात मिसळून ते जून-जुलैत, हुमणी लहान असतानाच मुळाशी पोचवावं. सप्टेंबरातली थोराड हुमणी त्याला सहसा दाद देत नाही.