काडी सुताची जात सांगते

नमस्कार श्रोतेहो.

अंगातल्या कपड्याच्या मानेमागची पट्टी वाचा, असं मी तुम्हाला सांगणार होते. पण ती बोचते म्हणून तुम्ही कधीच कापून टाकली असेल. मीही टाकते. कापडाची सगळी माहिती जिच्यावर छापायची, तीच पट्टी अख्ख्या कपड्यात सर्वांत खरखरीत का असावी, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. असो.

आजचा विषय आहे, कपडे शिवणाऱ्यांनी निसर्गाला कमी जाच करणारा कच्चा माल मिळवायचा कसा. त्यासाठी दोन प्रश्न लक्षात ठेवा. तंतू आला कुठून? आणि त्याचं सूत होईपर्यंत त्याच्यावर काय काय प्रक्रिया झाली? आला कुठून, आणि झालं काय. हे दोन प्रश्न मी पुस्तकातून शिकले नाही, एका काडेपेटीतून शिकले.

मी तेव्हा तयार कपड्यांच्या एका कारखान्यात, खरेदी खात्यात नवीन लागले होते. लहान मुलांच्या कपड्यांची मोठी ऑर्डर आली. गिऱ्हाइकाची अट एकच, कापड शंभर टक्के सेंद्रिय कापसाचं हवं. शोधाशोध करून मी एक पुरवठादार गाठला. त्याने नमुन्याचा तुकडा पाठवला आणि सोबत प्रमाणपत्राची प्रत. वर मोठं चिन्ह, खाली सही, मुदत संपायला अजून सात महिने. मी तो कागद तीनदा वाचला. तीनदा वाचला म्हणजे तपासला, असा त्या वयात माझा समज होता.

ताके आले, कटिंग टेबलावर चढले. आमचे कटिंग मास्तर कमी बोलायचे. खिशात दोन वस्तू कायम, एक खडू आणि एक काडेपेटी. विडी-सिगारेट मात्र कधी ओढताना दिसले नाहीत. त्यांनी कापडाचा कोपरा मुठीत घट्ट दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"पोरी, हे चुरगळत नाही गं."

मला आनंद झाला. म्हटलं, "बरंच झालं की मास्तर, इस्त्रीचा त्रास वाचला."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी अजून विसरलेले नाही. सुती कापड चुरगळणारच, हे घराघरांत माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण हातात प्रमाणपत्र असलं की माणूस घरचं शहाणपण बाजूला ठेवतो.

मास्तरांनी कापडातून दोन धागे ओढले, एक ताण्याचा म्हणजे उभा, एक बाण्याचा म्हणजे आडवा. मग मला घेऊन बाहेर नळापाशी गेले. कटिंगच्या खोलीत काडी पेटवायची नाही, हा त्यांचाच नियम. पहिली काडी पेटलीच नाही. हल्लीच्या काड्या म्हणजे, जाऊ द्या, तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे. दुसरी पेटली. ताण्याचा धागा पिवळ्या ज्योतीने भुरभुर जळला, जळक्या कागदाचा वास आला, मागे मऊ करडी राख उरली. माझा जीव भांड्यात पडला.

"हा ताणा झाला," मास्तर म्हणाले. "बाणा राहिलाय."

बाण्याचा धागा ज्योत जवळ येताच अंग चोरू लागला. काळा धूर निघाला. जळून विझल्यावर मास्तरांनी ती राख चिमटीत चुरली. थोडी भुकटी झाली आणि मध्ये खडे लागले. टाचणीच्या डोक्याएवढे, काळे, नखानेही न फुटणारे. त्यातला एक त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

"घे. हा तुझा कापूस."

ते पॉलिएस्टर होतं. बाण्याच्या सुतात मिसळलेलं. नमुन्याच्या तुकड्यात ते नव्हतं, मी नंतर तोही जाळून पाहिला. तडक पुरवठादाराला फोन लावला, आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, प्रमाणपत्र खरं आहे."

आणि गंमत म्हणजे, ते खरंच होतं. तो कागद त्याच्या कारखान्याचा होता. या कारखान्याला सेंद्रिय माल हाताळायची मान्यता आहे, एवढंच त्यात म्हटलं होतं. आमच्या दाराशी उतरलेले ताके सेंद्रिय आहेत, असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्याचा कागद निराळा असतो. त्यावर त्या खेपेचं वजन, माल कोणी कोणाला विकला, हे सगळं येतं. तो मी मागितलाच नव्हता, कारण असा काही कागद असतो हेच मला ठाऊक नव्हतं. कारखान्याचा कागद वेगळा, मालाचा कागद वेगळा. खरेदी करणाऱ्यांनी हे लिहून ठेवा. कारखान्याचा कागद वेगळा, मालाचा कागद वेगळा.

मी मास्तरांना म्हटलं, "मग कागद कशाला? दर वेळी काडीच लावत जाऊ."

ते म्हणाले, "काडी सुताची जात सांगते. शेत सांगत नाही."

आता याचा अर्थ बघा. सेंद्रिय कापूस आणि भरपूर फवारे खाल्लेला कापूस, दोन्ही अगदी एकसारखे जळतात. नवं पॉलिएस्टर खनिज तेलापासून होतं, पुनर्वापराचं बहुतेक प्लॅस्टिकच्या पाणीबाटल्यांपासून. दोन्ही एकसारखी वितळतात. धुताना दोन्हींतून बारीक प्लॅस्टिकचे तंतू पाण्यात जातात, हेही आलंच. आणि बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, पण तिचा शर्ट झाला की पुढचा रस्ता बहुधा बंद. म्हणून बाटल्यांच्या शर्टाचं फार कौतुक मला जमत नाही.

बांबूचं तसंच. बांबू भराभर वाढतो, हे खरं. पण बाजारात मऊसूत म्हणून मिळतं ते बांबूचं कापड बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं. म्हणजे बांबूचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, कार्बन डायसल्फाइडने विरघळण्याजोगा करायचा आणि मग त्याचे तंतू ओढायचे. हे कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २००९ पासून अशा मालाला नुसतं 'बांबू' म्हणून विकणाऱ्यांवर कारवाई केली. तंतू आला कुठून, याचं उत्तर छान होतं. झालं काय, याचं नव्हतं. त्यामानाने लायोसेल बरं. तेही लाकडाच्या लगद्याचंच, पण त्यातला द्रावक, म्हणजे लगदा विरघळवणारं रसायन, जवळजवळ सगळा परत मिळवून पुन्हा वापरतात.

कापसाला किती पाणी लागतं? जगाची सरासरी काढली तर एक किलो कापसाच्या कापडामागे सुमारे १०,००० लिटर. पण सरासरीला फार भुलू नका. पावसावर आलेला कापूस वेगळा आणि नदी वळवून पिकवलेला वेगळा. १९६० च्या दशकापासून मध्य आशियातल्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी मुख्यतः कापसाच्या शेतीकडे वळवलं गेलं आणि अरल समुद्र आटत गेला. म्हणून नुसतं "सुती आहे का?" विचारून भागत नाही. कुठल्या पाण्यावर, ते विचारा. अंबाडीसारखाच खोडाचा तंतू देणारं जवसाचं झाड, म्हणजे आपलं लिनन, त्याला पाणी बरंच कमी लागतं. ते चुरगळतं मात्र भयंकर. मला आवडतं चुरगळलेलं.

जुन्या कपड्यांपासून नवं सूतही होतं. इंग्लंडमधल्या बॅटली गावी १८१३ च्या सुमारास लोकरीच्या चिंध्या पिंजून सूत काढायला सुरुवात झाली, आणि इटलीतलं प्रातो शहर आजही त्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. अडचण एवढीच की पिंजताना तंतू आखूड होतो, म्हणून त्यात नवा लांब तंतू मिसळावा लागतो. त्याहून मोठी अडचण मिश्रणाची. हल्ली साध्या पँटमध्येही दोन टक्के इलास्टेन, म्हणजे रबरासारखा ताणणारा कृत्रिम तंतू, घालतात, कापड ताणलं जावं म्हणून. ते दोन टक्के वेगळे काढणं महाकठीण. माणसाने आपल्या मापाची पँट शिवावी की नाही?

कात्रणांबद्दल बोलायचं राहिलं, मार्कर, म्हणजे कापडावर कापायच्या तुकड्यांची आखणी, नीट मांडला तर किती कापड वाचतं तेही राहिलं. वेळ संपत आली. पण ताक्यांचं काय झालं ते सांगते. सगळे परत गेले. तीन आठवड्यांनी दुसरी खेप आली, या वेळी मालाच्या कागदासकट. मी तो मास्तरांसमोर मोठ्या दिमाखात धरला. त्यांनी कागदावरचा लॉट नंबर ताक्याच्या चिठ्ठीशी ताडून पाहिला, मान डोलावली आणि खिशातून काडेपेटी काढली.

"आता कशाला मास्तर? कागद आहे ना!"

"असू दे," म्हणाले, आणि नळाकडे चालू लागले.

नमस्कार.