उपग्रहाला दिसलं, एआयनं कळवलं. पुढे?

नमस्कार मंडळी. आज थेट एका आकड्यावर येतो. एक टक्का.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाची 'मार्स' नावाची एक यंत्रणा आहे. मंगळाशी तिचा काही संबंध नाही. तेलाच्या आणि वायूच्या विहिरींमधून, पाइपलाइनमधून कुठे मिथेन, म्हणजे पृथ्वी तापवणारा एक वायू, गळतोय का, हे ती उपग्रहांच्या मदतीनं शोधते आणि त्या त्या सरकारला, कंपनीला कळवते. २०२४ च्या अहवालात त्यांनी हिशोब मांडला. १,२०० हून जास्त सूचना पाठवल्या होत्या. दखल घेतल्याचं उत्तर आलं ते जेमतेम १ टक्का सूचनांना! पुढच्या वर्षीच्या अहवालात हे प्रमाण १२ टक्क्यांवर गेलं. सुधारणा आहे, नाही कशाला म्हणू. पण शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी सूचना तरीही उत्तराविनाच राहिल्या.

म्हणून 'एआय पर्यावरण वाचवेल का' हा प्रश्न मला जरा बाळबोध वाटतो. एआयला दिसतंय, आणि बऱ्यापैकी नीट दिसतंय. खरी गडबड आहे ती त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर. आज तेच बघू.

[स्क्रीनवर: वाळवंटी भागाचं उपग्रह चित्र, त्यावर गळतीचा रंगवलेला झोत]

आधी, दिसतं कसं? मिथेनला रंग नाही, वास नाही. पण सूर्यप्रकाशाच्या इन्फ्रारेड भागातल्या काही ठरावीक लहरी तो शोषून घेतो. जमिनीवरून परत वर गेलेल्या प्रकाशात नेमक्या त्याच लहरी कमी भरल्या, की समजायचं, मधे मिथेन आहे. २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी उपग्रहावर ट्रोपोमी नावाचं उपकरण आहे, ते रोज जवळपास अख्खी पृथ्वी अशी चाळून काढतं. फक्त त्याच्या चित्रातला एकेक ठिपका काही किलोमीटरचा असतो. त्यामुळे 'या पट्ट्यात काहीतरी आहे' इतकंच समजतं, कुठली विहीर ते नाही. त्यासाठी मग जास्त बारीक बघणाऱ्या दुसऱ्या उपग्रहांची चित्रं काढायची.

घोळ इथेच होतो. काही प्रकारची जमीन, काही छपरंसुद्धा त्याच लहरी शोषतात आणि चित्रात हुबेहूब गळतीसारखी दिसतात. त्यातून खरी गळती वेगळी काढायला एआय मॉडेल लागतं, म्हणजे जुन्या उदाहरणांवरून शिकलेला संगणक प्रोग्राम. ते त्याच जागेची जुनी चित्रं ताडून बघतं, वारा कुठून वाहत होता ते बघतं. छप्पर काल होतं, आजही आहे. झोत मात्र वाऱ्याबरोबर लांबतो. आणि एवढं करूनही सूचना जाण्याआधी तज्ज्ञ माणूस ते चित्र डोळ्यांखालून घालतोच.

बरं, कुणी मनावर घेतलं तर काय होतं? अल्जीरियात एके ठिकाणी किमान १९९९ पासून गळती चालू होती. मार्सनं पाठपुरावा केला, आणि २०२४ मध्ये ती थांबली. वर्षाला ५ लाख गाड्या रस्त्यावरून हटवल्याइतका हा फायदा आहे, असं संयुक्त राष्ट्रांचं म्हणणं. २० वर्षांच्या हिशोबानं मिथेनचा तापवण्याचा जोर कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट भरतो, त्यामुळे एक तोंड बंद झालं तरी एवढा फरक पडतो.

आता एक उलटं उदाहरण. इथे एआय जवळपास नव्हताच.

ब्राझीलनं २००४ मध्ये 'डेटेर' नावाची यंत्रणा सुरू केली. उपग्रहाची चित्रं यायची, माणसं ती डोळ्यांनी बघून जंगलतोडीचे तुकडे नोंदवायची आणि यादी पर्यावरण खात्याच्या पथकांकडे जायची. पथकं खरोखर जागेवर जायची. दंड करायची, यंत्रं जप्त करायची. ॲमेझॉनमधली तोड २००४ मध्ये वर्षाला सुमारे २७,७०० चौरस किलोमीटर होती, २०१२ मध्ये ती साडेचार हजारांच्या आसपास आली. सगळं श्रेय डेटेरला देता येणार नाही. राखीव क्षेत्रं वाढली होती, सोयाबीन खरेदीवर निर्बंध आले होते. पण निरोप आला की उठून जाणारं कुणीतरी होतं, हे महत्त्वाचं.

मजा तर पुढे आहे. डेटेरला सुरुवातीला २५ हेक्टरपेक्षा लहान तुकडे नीट दिसत नसत. काही वर्षांत तोड लहान लहान तुकड्यांत व्हायला लागली. योगायोग? अभ्यासकांना तरी तसं वाटत नाही. शिवाय पावसाळ्यात ढगांखाली काय चाललंय ते साध्या कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यावर उपाय म्हणजे रडार. सेंटिनेल-१ उपग्रहाची रडार लहर ढगांतून आरपार जाते. पण रडारचं चित्र इतकं खरखरीत असतं की नुसत्या नजरेला त्यातलं फार कळत नाही. इथे डेटा सायन्सशिवाय भागत नाही, आणि इथे मी त्याचं मनापासून कौतुक करेन.

कौतुकाची आणखी एक जागा आहे, कंटाळवाणी कामं. टांझानियातल्या सेरेंगेटीमध्ये बसवलेल्या कॅमेरा ट्रॅपचे, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचे, ३२ लाख फोटो. त्यातले चारातले तीन रिकामे! गवत हललं, क्लिक. २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवलं की न्यूरल नेटवर्क, म्हणजे असंच एक एआय मॉडेल, यातला ९९ टक्क्यांहून जास्त भाग माणसाइतक्याच अचूकपणे हातावेगळा करू शकतं. एका माणसाचे ८ वर्षांहून जास्त कष्ट वाचले. पण हे नेटवर्क शिकलं कशावर? हजारो स्वयंसेवकांनी आधी फोटो बघून, 'हा झेब्रा, हा जिराफ' असं लिहून ठेवलं होतं, त्यावर.

आणि तेच मॉडेल उचलून दुसऱ्या जंगलात नेलं तर? बऱ्याचदा तोंडावर आपटतं. एका प्रयोगात गवतावरची गाय मॉडेल बरोबर ओळखायचं, समुद्रकिनाऱ्यावर उभी केली की चुकायचं. त्याच्या लेखी गाय म्हणजे अर्धी गाय आणि अर्धं हिरवं गवत.

याहून वाईट म्हणजे न दिसणारी चूक. युगांडामध्ये शिकाऱ्यांचे फास कुठे सापडतील याचा अंदाज बांधणारी मॉडेल वापरली गेली. त्यांना शिकवायला काय होतं? वनरक्षकांच्या गस्तीच्या जुन्या नोंदी. आता जिथे गस्त कधी गेलीच नाही, तिथे फासाची नोंदही नाही. मॉडेलनं हे भोळेपणानं घेतलं, तर तो भाग सुरक्षित ठरतो, आणि गस्त तिकडे आणखीच जात नाही! म्हणून या मंडळींनी प्रत्येक जागी गस्त किती झाली होती, हेही हिशोबात धरलं. मला विचाराल तर या सगळ्या क्षेत्रातलं सगळ्यात शहाणपणाचं काम हे आहे.

हवामानाचं पटकन सांगतो. २०२३ मध्ये आलेलं गूगलचं ग्राफकास्ट हे एआय मॉडेल १० दिवसांचा जागतिक अंदाज एका मिनिटाच्या आत देतं. थक्क करणारं आहेच. पण त्यामागे ३९ वर्षांचा हवामान डेटा आहे, आणि तो जमवला फुग्यांनी, जहाजांनी, उपग्रहांनी आणि रोज ठरल्या वेळी नोंद करणाऱ्या वेधशाळांनी. ही केंद्रं बंद करून मॉडेल चालू ठेवता येईल असं कुणी म्हणालं, तर त्याला हे ऐकवा.

हो, आणि विजेचं काय? हे तुम्ही विचारणारच होता. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगभरातल्या डेटा सेंटर्सनी, म्हणजे मोठं एआय आणि बाकी इंटरनेट ज्यावर चालतं त्या संगणकांच्या कोठारांनी, सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीच्या पुढे जाईल असा त्यांचा अंदाज. पण फोटोतला प्राणी शोधणारं मॉडेल साध्या लॅपटॉपवर चालतं. दोघांचं बिल एकाच नावावर फाडू नका. आणि कुणी कंपनी लॅपटॉपवरच्या मॉडेलचं कौतुक पुढे करून डेटा सेंटरची वीज झाकत असेल, तर तेही चालवून घेऊ नका.

शेवटी, तुम्हाला यात हातभार लावायचा असेल तर आय-नॅचरलिस्ट हे ॲप घ्या. किड्याचा, झाडाचा, पक्ष्याचा फोटो टाका. एआय नाव सुचवेल, पण नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरते ती ओळखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त लोकांचं एकमत झाल्यावर, आणि तारीख व ठिकाण असेल तरच. तेव्हा लोकेशन चालू ठेवा. आणि वाघ-बिबट्याच्या मागे लागू नका, त्यांचे फोटो काढायला खूप जण आहेत. ज्या नाल्याकाठी, ज्या माळावर ॲपच्या नकाशात एकही ठिपका नाही, तिथे जाऊन साधा टोळ टिपा.